खाऱ्या हवेतल्या घराची पन्हळ: एप्रिल ते ऑक्टोबर, कामाच्या नोंदी

घर बैठं, समुद्राच्या अगदी जवळ. छप्पर दोन बाजूंना उतरतं आणि प्रत्येक बाजूच्या वळचणीला १२ मीटर लांब, १५० मिमी रुंद अर्धगोल पन्हळ आहे. समुद्राकडची जस्ती पत्र्याची, ३ मीटरच्या चार तुकड्यांची. मागची पीव्हीसीची, ४ मीटरच्या तीन तुकड्यांची. दोन्हींना एकाच टोकाला ९० मिमीचा डाउनटेक, म्हणजे पाणी खाली नेणारा उभा पाइप. वळचण जमिनीपासून ३.२ मीटरवर. माणसं दोन: एक शिडीवर, एक खाली.

२० एप्रिल. फक्त पाहणी

आज काहीच काढलं नाही, डाग तेवढे पाहिले. एकदा कचरा काढून धुतलं की डागही जातात आणि पाणी नेमकं कुठून पळत होतं ते कळायला मार्ग उरत नाही.

पन्हळीच्या मागे, कडेच्या लाकडी फळीवर काळे ओघळ असतील तर पाणी पन्हळीत न पडता छपराच्या कडेला चिकटून मागे वळतंय. पन्हळीच्या पुढच्या अंगावर ओघळ असतील तर ती तुंबून भरून वाहतेय. जोडाच्या बरोबर खाली गंजाची रेघ असेल तर जोड गळतोय. समुद्राकडच्या बाजूला हे तिन्ही सापडलं. प्रत्येक जागेखाली भिंतीवर खडूने खूण केली.

कडेच्या फळीत दर अर्ध्या मीटरवर स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला. काळ्या ओघळांपाशी तो सेंटीमीटरभर सहज आत गेला. तिथली दीड मीटर फळी बदलावी लागणार. कुजक्या लाकडात पन्हळ धरणाऱ्या ब्रॅकेटचा स्क्रू धरत नाही, कितीही लांब घेतला तरी.

डाउनटेकच्या उलट टोकाला विजेची तार खांबावरून घरात येते, पन्हळीपासून जेमतेम मीटरभर अंतरावर. घरातला मेन स्विच बंद केला तरी या तारेत वीज असतेच, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. वीजपुरवठा करणाऱ्यांकडून ती बंद करून मिळेपर्यंत तो कोपरा सोडायचा.

२१ एप्रिल. समुद्राकडची बाजू, कचरा

शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या पावपट अंतरावर, म्हणजे इथे ८० सेंमी. जमिनीवर शेवाळ होतं, म्हणून आधी ते खरवडून खाली जाड फळी टाकली. शिडी पन्हळीला टेकवायची नाही. पत्रा दबतो, पीव्हीसी तडकते, आणि शिडी बाजूला घसरते ती वेगळीच. भिंतीला टेकणारा आडवा दांडा शिडीच्या डोक्याला बांधला, त्यामुळे पन्हळ आणि शिडी यांच्यात हातभर जागा राहिली. कमरेची बक्कल शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढाच हात लांबवायचा. त्या हिशेबाने १२ मीटरला नऊ वेळा शिडी हलवली. वेळ जातो, पण इथे वेळ वाचवू नका.

कचरा काढण्याआधी अर्धा तास त्यावर पाणी शिंपडलं. सुका कचरा ओढला की पक्ष्यांच्या विष्ठेची धूळ थेट नाकात जाते. रबरी हातमोजे हवेतच. पन्हळीतून उंदीर फिरतात आणि त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. हातावर साधं खरचटलेलं असलं तरी तेवढं पुरतं.

लोखंडी थापी वापरली नाही, तिने जस्ताचा थर ओरखडतो. तेलाचा ५ लिटरचा प्लास्टिकचा कॅन तिरका कापला की चांगलं सुपडं होतं. पन्हळीच्या गोलाईत ते नीट बसतं आणि मूठही आयती मिळते.

चूक १. कचरा डाउनटेकच्या दिशेने ओढत नेला. तोंडावर बोळा लावलेला नव्हता. दोनतीन सुपडी गाळ थेट आत गेला. करायचं ते असं: आधी तोंडात जुन्या कापडाचा घट्ट बोळा बसवायचा, मग तोंडापासून सुरुवात करून कचरा उलट दिशेला ओढत न्यायचा.

पाच बादल्या निघाल्या, प्रत्येकी १५ लिटरच्या. वर पाचोळा आणि सुरूच्या झाडाच्या सुया, खाली काळा चिखल, तळाशी वाळू. जिथे चिखल सर्वांत जाड होता तिथेच जस्त पांढरं, पिठासारखं झालेलं आणि त्याच्या मधोमध तांबडा गंज. वाऱ्याबरोबर आलेला क्षार या चिखलात अडकून बसतो. चिखल ओला राहतो, तेव्हा पत्रा महिनोन्‌महिने खारट पोटिसाखाली असल्यासारखाच. मोकळ्या पत्र्यावर पडलेला क्षार पावसाने धुऊन तरी जातो. किनाऱ्यावर पन्हळ रिकामी ठेवायची ती तुंबू नये म्हणून तर खरीच, पण त्याहून जास्त पत्रा वाचावा म्हणून.

एका जोडात पिंपळाचं वीतभर रोप होतं. ते ओढून काढलं नाही. मूळ जोडाच्या फटीत शिरलेलं असतं, ओढलं की जोड फाकतो. बुडाशी कापलं, जोड सोडवताना मूळ काढायचं.

२२ एप्रिल. डाउनटेक

वरून पाणी सोडलं, पन्हळ भरली, खाली थेंब नाही. पाणी जोराने सोडून आत अडकलेला कचऱ्याचा बोळा ढकलायचा प्रयत्न केला, तो आणखी घट्ट बसला. तुंबलेल्या पाण्याचा भार पाइप भिंतीला धरणाऱ्या वरच्या क्लॅम्पवर आला आणि तो भिंतीतून निम्मा बाहेर आला.

बरोबर रीत उलटी आहे. खालचा बेंड सोडवायचा, बादली ठेवायची आणि खालून वर स्प्रिंग (तुंबलेला पाइप मोकळा करायची लांब, लवचीक तार) घालायची. अडकलेला माल खाली मोकळ्या तोंडाकडे येतो. बोळा होता वळचणीखालच्या दोन एल्बोंच्या मध्ये, जिथे पाइप पन्हळीकडून भिंतीकडे वळतो. बहुतेक वेळा तिथेच असतो. कालचा आपणच ढकललेला गाळ आणि त्याखाली जुना, सुयांनी विणल्यासारखा घट्ट गोळा.

परत जोडताना पाइपाचं रुंद तोंड वरच्या बाजूला, म्हणजे वरचा तुकडा खालच्याच्या आत उतरतो. आधीच्या कुणीतरी एक तुकडा उलटा बसवला होता. त्या जोडाभोवती भिंत हिरवी का झाली होती ते आता कळलं. खालच्या साध्या बेंडच्या जागी डोअर बेंड बसवला. पुढच्या वेळी स्क्रू काढून झाकण उघडलं की झालं.

पावसाचं पाणी टाकीत घेत असाल तर हे काम सुरू करण्याआधीच टाकीचा पाइप वेगळा करून ठेवा. वाया गेलेला वेळ: चार तास, क्लॅम्प पुन्हा बसवण्याचे दोन धरून.

२३ एप्रिल. धुणं

गोडं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, भांड्यांचा साबण. एवढंच. ब्लीच जस्ताला आणि स्क्रूंना खातं, व्हिनेगरही. शेवाळ लवकर जावं म्हणून कुणी ब्लीच आणि ॲसिड एकत्र करत असेल तर त्याला तिथेच थांबवा, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. प्रेशर वॉशर लावला नाही. पन्हळीत त्याचा झोत जोडाच्या फटीतून फळीमागे पाणी घुसवतो. छप्पर ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्यावर प्रेशर वॉशर किंवा कोरडा ब्रश कधीच नको.

तांब्याची तार, तांब्याचे खिळे, एसीचा तांब्याचा पाइप, यांच्यावरून पाणी जस्ती पन्हळीत पडत नाही ना ते पाहिलं, तांब्यावरून आलेलं पाणी जस्त खातं. एसीच्या निथळणीची नळी पन्हळीत सोडलेली होती. तांबं राहू द्या बाजूला, पण रोज थेंब थेंब पाण्यामुळे तेवढा दीड मीटर भाग बारा महिने ओला राहत होता आणि गंज तिथेच सर्वांत जास्त. नळी थेट खाली उतरवली.

२४ एप्रिल. जोड

तिन्ही जोड खरवडून जुना सिलिकॉन काढला. त्याखाली जस्त खाल्लेलं. तो आंबूस वासाचा, ॲसेटिक सिलिकॉन होता. सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतो आणि जस्ताला तेवढं पुरतं. जस्ती पत्र्याला फक्त न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना हे ॲसिड न सोडणारा सिलिकॉन. ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं, नसेल तर ती घेऊ नका.

दोन ट्यूब वापरून तिन्ही जोड भरले. काम सुबक दिसत होतं.

२५ एप्रिल. चूक २, सर्वांत मोठी

पन्हळीत बादलीभर पाणी ओतलं आणि दहा मिनिटं थांबलो. मधोमध तीन मीटरभर डबकं, सर्वांत खोल जागी १८ मिमी. पन्हळीला पोट आलंय. म्हणजे ब्रॅकेट सोडून ढाळ नव्याने काढायचा, आणि ब्रॅकेट हलले की कालचे जोड फाटणार. तसंच झालं.

हे डबकं काल दिसायला हवं होतं. क्रम असा: कचरा, डाउनटेक, धुणं, ढाळ, आणि सगळ्यांत शेवटी जोड. दोन ट्यूब आणि एक पूर्ण दिवस वाया.

डबकं म्हणजे नुसता गंज नाही. उष्ण दमट हवेत डासांची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठदहा दिवसांत होते, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. वरून स्वच्छ दिसणाऱ्या पन्हळीत १८ मिमी पाणी त्यांना भरपूर झालं.

२६ आणि २७ एप्रिल. फळी, ढाळ, ब्रॅकेट

तार बंद करून मिळाली, त्यामुळे सोडलेला कोपरा सकाळी आधी उरकला. मग कुजकी फळी बदलली. नव्या फळीला बसवण्यापूर्वीच सहा बाजूंनी रंग दिला, कापलेल्या टोकांना दोनदा. टोकांतूनच पाणी शिरतं.

ढाळ मीटरमागे ३ ते ५ मिमी ठेवतात. इथे १२ मीटरला ४० मिमी धरला. आधी होता अवघा १४.

सुरुवातीला पाणसळीने एकेक ब्रॅकेट लावत गेलो. आठव्या ब्रॅकेटला ६ मिमीचा फरक पडला होता. दर ठिकाणची केसभर चूक साठत जाते. ते सोडून दिलं आणि पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल ट्यूब घेतली. दोन्ही टोकांना एकाच पातळीच्या खुणा केल्या, डाउनटेककडची खूण ४० मिमी खाली घेतली, दोन खिळ्यांमध्ये लाइनदोरी ताणली. आता प्रत्येक ब्रॅकेट दोरीला लागतो की नाही एवढंच पाहायचं. ट्यूबमध्ये बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका पातळीत येतं का ते तपासा.

ब्रॅकेट मीटरमीटरवर होते, एकूण १३. ही पन्हळ काठोकाठ भरली तर मीटरमागे जवळजवळ ९ किलो पाणी, म्हणजे पूर्ण लांबीत शंभर किलोंच्या वर. त्यात ओला चिखल. पोट येणारच. आता ६० सेंमीवर, एकूण २१. जुनी भोकं सिलिकॉनने बुजवली. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ प्रतीचा खाऱ्या हवेत डागाळतो.

ब्रॅकेट लावताना पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा ६ ते ८ मिमी खाली ठेवली. कधी तुंबलीच तर पाणी अंगणात पडेल, भिंतीत शिरणार नाही.

काळ्या ओघळांचं कारण वेगळं होतं. छपराची कड पन्हळीच्या आत पुरेशी येत नव्हती, पाणी कडेखाली चिकटून मागे जायचं. कडेखालून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची काटकोनी पट्टी सरकवली, तिचं टोक पन्हळीत २५ मिमी खाली वाकवलं. ही पट्टी नसती तर नवी फळीही काही वर्षांत त्याच जागी कुजली असती.

२९ एप्रिल. जोड, पुन्हा

सकाळी सात वाजता पत्र्यावर हात फिरवला तर ओला. किनाऱ्यावर दव उशिरापर्यंत राहतं. सिलिकॉन सुकायला हवेतली ओल लागतेच, पण पत्र्यावरची ओल त्याला धरू देत नाही. अकरानंतर काम सुरू केलं, चारच्या आत संपवलं.

प्रत्येक जोड गोड्या पाण्याने पुसला, पूर्ण कोरडा केला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुसला. क्षाराचा थर डोळ्यांना दिसत नाही. पाण्याच्या वरच्या बाजूचा तुकडा खालच्या बाजूच्या तुकड्यावर ५० मिमी चढतो, म्हणजे पाणी जोडाच्या कडेवर आपटत नाही. दोन तुकड्यांच्या मध्ये सिलिकॉनच्या दोन रेघा, मग रिव्हेट. साध्या पॉप रिव्हेटच्या मधल्या भोकातून पाणी झिरपतं, म्हणून बंद टोकाचे घेतले.

दोन ठिकाणी सुईच्या टोकाएवढी भोकं होती. तांबडा गंज तेवढ्याच जागेपुरता घासला, जस्तयुक्त प्रायमर दिला, जस्ती पत्र्याचाच तुकडा आतून न्यूट्रल सिलिकॉनवर बसवला. तारेचा ब्रश चांगल्या जस्तावर फिरू देऊ नका. या तुकड्यांवर दोन दिवस पाणी नाही.

५ मे. मागची बाजू, पीव्हीसी

इथे कचरा तीनच बादल्या. गंजाचा प्रश्नच नाही, पण दोन्ही जोड गळत होते, कारण कधीतरी ते सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवले होते. पीव्हीसी उन्हात लांबतं. ४ मीटरचा तुकडा ३० अंशांच्या फरकाला ७ ते ८ मिमी कमीजास्त होतो. भर उन्हात तापलेली पन्हळ आणि तिच्यावर अचानक आलेली सर, हा फरक सहज पडतो. जोडाला सरकायची जागा नसेल तर तो तडकतो किंवा ब्रॅकेट उपटतो.

दोन्ही जोड कापून रबरी सीलचे नवे घातले. आतल्या बाजूला खूण असते, तुकडा त्या खुणेपर्यंतच घालायचा, पार टेकवायचा नाही. रबराला सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस रबर फुगवतं.

१० मे. बादलीची परीक्षा

बागेच्या नळीने मिनिटाला साधारण १५ लिटर पाणी येतं. त्यावर पन्हळ पास करून मोकळं होणं ही फसवणूक आहे. छपराची एक बाजू सपाट मापात ६० चौ.मी. तासाला १०० मिमी वेगाची सर आली तर मिनिटाला १०० लिटर पाणी या एका पन्हळीत येतं. म्हणून २० लिटरच्या बादल्या: एक पूर्ण बादली १० सेकंदांत ओतायची, लगेच दुसरी. तो वेग मिनिटाला १२० लिटर होतो.

जस्ती बाजू: डाउनटेकच्या तोंडाशी पाणी कडेपासून दोन बोटं खाली राहिलं, जोड कोरडे, दहा मिनिटांनी नुसता ओलावा. पीव्हीसी: एक सील दुमडलेलं निघालं, परत बसवलं, मग ठीक.

डाउनटेकचं पाणी पायापासून दीड मीटर दूर जाईल असा पाइप जोडला. आतापर्यंतचा हिशेब दोन माणसांचे ९ दिवस. दोन्ही चुका टाळल्या असत्या तर साडेसात.

१७ मे. जाळी

जस्ती बाजूला पूर्ण लांबीत ५ मिमीची जाळी टाकून पाहिली.

२८ मे. जाळी काढली

अकरा दिवसांत सुरूच्या सुया जाळीच्या भोकांत उभ्या अडकल्या आणि त्यांच्यावर पाचोळ्याची चटई बसली. बादली ओतली तर अर्धं पाणी जाळीवरून घसरून थेट खाली. शिवाय सफाईसाठी जाळी काढायची तर शिडी तेवढीच वेळा हलवावी लागते. मोठ्या पानांच्या झाडाखाली जाळी उपयोगी पडते, सुयांच्या झाडाखाली नाही. स्पंजचे ठोकळे भरण्याचा विचारही सोडला, ते सतत ओले राहतात.

फक्त डाउनटेकच्या तोंडावर घुमटासारखी जाळी ठेवली. सपाट जाळी एका पानाने बंद होते, घुमटाला निदान बाजूने पाणी मिळतं.

आज पुन्हा सुपड्याने फेरी मारली. एप्रिलनंतर वळवाच्या वाऱ्यात पडलेला पाचोळा पाऊण बादली. दुरुस्ती एप्रिलमध्ये आणि शेवटचा हात पावसाच्या तोंडावर, असे दोन टप्पे ठेवा. नुसती एप्रिलची सफाई पहिल्या पावसापर्यंत टिकत नाही.

१४ जून. पहिला मोठा पाऊस

भर पावसात खालून पाहिलं, शिडी नाही. ओघळ नाहीत. डाउनटेककडच्या शेवटच्या मीटरमध्ये वाऱ्याने पाणी पन्हळीवरून पलीकडे उडत होतं. ढाळासाठी ते टोक खाली घेतलं, त्यामुळे छपराची कड आणि पन्हळ यांच्यात अंतर वाढलं. तिथली काटकोनी पट्टी ३० मिमीने लांब घ्यायची. पाऊस उघडला की.

२० जुलै

दोन दिवस उघाड. घुमटाभोवती सुयांची कडी जमली होती, ती काढली. डोअर बेंड उघडला, मूठभर गाळ. पट्टी लांब केली. दोन तास.

१२ ऑक्टोबर

पाऊस थांबला. आता गोड्या पाण्याने एक धुणं, कारण पुढचे सात महिने क्षार धुवायला वरून काही येणार नाही. चिखल दीड बादली. एप्रिलमधल्या प्रायमरच्या दोन्ही जागा शाबूत. जस्ती बाजूचा ९ वा ब्रॅकेट दोरीपासून ३ मिमी खाली आलाय, त्याचा स्क्रू नव्याजुन्या फळीच्या सांध्यात गेला होता. तो ८ सेंमी बाजूला घेतला, जुनं भोक बुजवलं.